आठवण जाते, हात चालत राहतात

घरात डिमेन्शियाचं निदान झालं की पुढच्या काही महिन्यांत एक गोष्ट जवळपास सगळीकडे सारखीच घडते. आजींच्या हातून एकदा दूध उतू जातं, गॅस तसाच चालू राहतो, आणि स्वयंपाकघर त्यांना बंद होतं. आजोबा भाजी आणायला जातात, नेहमीच्या वळणावर चुकतात, आणि पिशवी मुलाच्या हातात जाते. पाठोपाठ बँकेचं पासबुक, देवपूजा, दुधाचा हिशेब, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, एकेक काम सुटत जातं. प्रत्येक काम काढून घेण्यामागे काळजीच असते. ‘आता तुम्ही फक्त आराम करा’ असं म्हणताना कुणाच्याही मनात वाईट नसतं. पण वर्षभरात घरातलं चित्र असं होतं, की अंघोळ-नाश्ता उरकला की त्या माणसाला खुर्चीत बसवायचं, समोर टीव्ही लावायचा, आणि मग रात्रीपर्यंत त्याच्याकडून कुणालाच काही नको असतं.

मग तो माणूस उठतो. घरभर फेऱ्या मारतो, कपाटं उपसतो, एकच प्रश्न तासाभरात वीसदा विचारतो, सुनेच्या मागे मागे फिरतो, ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराची कडी काढायला बघतो. घरचे म्हणतात, आजार वाढला. काही अंशी ते खरंही असतं. मात्र या अस्वस्थतेतला बराच वाटा रिकाम्या दिवसाचा असतो. जिस्का कोहेन-मॅन्सफिल्ड या संशोधिकेने वृद्धाश्रमांतल्या डिमेन्शियाग्रस्तांचा अनेक वर्षं अभ्यास केला. ओरडणं, भटकणं, वस्तू ओढणं यांच्या मुळाशी बहुधा न भागलेली एखादी गरज असते, असं त्यांनी दाखवून दिलं. दुखणं, भूक यांच्या जोडीने कंटाळा आणि एकटेपणा ही त्यातली मोठी कारणं.

टॉम किटवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली ‘डिमेन्शिया रिकन्सिडर्ड’ हे पुस्तक लिहिलं. या आजारात माणसाचं खच्चीकरण करणाऱ्या वागणुकीची एक यादीच त्यांनी त्यात दिली आहे. जे जमतंय तेही करू न देणं, झेपणार नाही इतक्या घाईने बोलणं, तो समोर असताना तो नसल्यासारखं त्याच्याविषयी बोलणं, मोठ्या माणसाला लहान मूल समजणं. हे कुणी दुष्टपणाने करत नाही, चांगली माणसंच नकळत करतात, हेही किटवुड यांनी आवर्जून नोंदवलं. ही यादी वाचताना आपल्याकडची प्रेमळ, गजबजलेली घरं डोळ्यांपुढे येतात आणि मन चरकतं.

अशी घरं आता थोडीथोडकी नाहीत. भारतात ६० वर्षांवरच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं, असा अंदाज ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीतून २०२३ साली पुढे आला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळलं. यातल्या बहुतेकांचा सांभाळ घरीच होतो. डोनेपेझिलसारख्या गोळ्या काही काळ थोडाफार आधार देतात, झालेली झीज भरून काढत नाहीत. त्यामुळे या माणसाचा सोमवार कसा गेला, मंगळवार कसा गेला, हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

काय गेलं आणि काय शिल्लक आहे, हे कळण्यासाठी एका वेगळ्या रुग्णाची गोष्ट पाहायला हवी. अमेरिकेत १९५३ साली २७ वर्षांच्या एका तरुणावर फिट्स थांबवण्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग बराचसा काढून टाकला. फिट्स आटोक्यात आल्या, पण त्या दिवसापासून हा माणूस नवं काही लक्षातच ठेवू शकेना. भेटून गेलेला डॉक्टर पाच मिनिटांनी पुन्हा आला तर त्याच्यासाठी अनोळखी. पुढे अर्धशतकभर वैज्ञानिकांनी त्याचा अभ्यास केला. २००८ साली तो वारल्यानंतरच त्याचं हेन्री मोलेसन हे नाव जगाला कळलं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. आरशात सगळं उलटं दिसतं, त्यामुळे कुणाचाही हात सुरुवातीला अडखळतो. तीन दिवसांत मोलेसनचा हात सफाईने फिरू लागला. गंमत म्हणजे दर दिवशी तो म्हणे, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच करतोय. त्याला आठवत नव्हतं, त्याच्या हाताला येत होतं.

स्मृती ही एकच एक वस्तू नाही, हे या प्रयोगाने पक्कं झालं. काल काय झालं याची आठवण वेगळी, आणि पोळी कशी लाटायची, गाठ कशी मारायची, सायकल कशी चालवायची ही अंगवळणी पडलेली आठवण वेगळी. दुसऱ्या प्रकारची स्मृती मेंदूच्या वेगळ्या भागांवर, बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू यांवर, अवलंबून असते. डिमेन्शियाचा एक प्रकार असलेल्या अल्झायमरचा घाला आधी हिप्पोकॅम्पसच्या परिसरावर पडतो. म्हणूनच सकाळी काय खाल्लं ते सांगू न शकणारी बाई कापूस हातात आला की वात वळते. नातवाचं नाव न आठवणारे आजोबा रामरक्षा कुठेही न अडखळता म्हणतात. जुन्या मराठी शाळेत शिकलेल्यांच्या तोंडी पावकी-निमकीसुद्धा अजून असते. एकदा सुरुवात करून दिली की पुढचं आपोआप येतं.

सगळ्यांच्या बाबतीत हा क्रम असाच असतो असं मात्र नाही. डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नव्हे. रक्तवाहिन्यांच्या विकारातून येणाऱ्या प्रकारात माणूस पायऱ्या उतरावा तसा टप्प्याटप्प्याने खालावतो. ल्युई बॉडी प्रकारात आजचा दिवस चांगला तर उद्याचा धुक्यात, असे चढउतार चालू असतात, शिवाय हालचाली मंदावतात. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात स्मरणशक्ती बरीच शाबूत असूनही आधी वागण्याचा पोच आणि पुढाकार जातो. त्यामुळे शेजारच्या काकूंना जे लागू पडलं ते आपल्या आईलाही पडेलच, अशी खात्री धरू नये.

हात काय काय करू शकतात याचा पद्धतशीर विचार ज्यांनी केला, त्यात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन कॅम्प यांचं नाव मोठं. १९९० च्या दशकात त्यांनी मारिया माँटेसरी यांच्या बालशिक्षणातली तत्त्वं डिमेन्शियाग्रस्तांसाठी वापरायला सुरुवात केली. काम बोलून समजावण्यापेक्षा करून दाखवायचं. मोठ्या कामाचे छोटे तुकडे पाडायचे. साहित्य खरं, रोजच्या वापरातलं, हाताळून बघावंसं वाटणारं हवं. आणि चूक झालीच तर ती करणाऱ्याला स्वतःला दिसावी. दुसऱ्याने बोट दाखवून ती सांगू नये. यात वृद्धांना बालवाडीत बसवण्याचा हेतू अजिबात नव्हता. काम मोठ्यांचं, फक्त त्याची मांडणी अशी की अपयश यायला जागाच राहू नये.

महाराष्ट्राला ही तत्त्वं परकी नाहीत. माँटेसरी स्वतः १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हीच पद्धत कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेली. परदेशी महागड्या साधनांना त्यांनी फाटा दिला. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांतून साहित्य उभं केलं. डिमेन्शियासाठी ‘अ‍ॅक्टिव्हिटी किट’ नावाने विकल्या जाणाऱ्या रंगीत प्लास्टिकच्या खोक्यांकडे बघताना कोसबाडची आठवण व्हावी. मराठी घरात वालाच्या शेंगा आहेत, लसणाच्या पाकळ्या आहेत, चिंचोके, कवड्या, कापूस, जुनी बटणं, सुतळी आणि गोधडीचे तुकडे आहेत. एक सावधगिरी हवी: गुंजा वापरू नयेत. त्या सुंदर दिसतात, पण विषारी असतात. आणि ज्या व्यक्तीला दिसेल ते तोंडात घालायची सवय लागली आहे, तिच्यासमोर मणी-बटणं ठेवूच नयेत.

काम निवडताना सुरुवात आजारापासून न करता माणसापासून करावी लागते. लॉरा गिटलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक कार्यक्रम आखला. ऑक्युपेशनल थेरपिस्ट रुग्णाच्या घरी येई, त्याच्या पूर्वायुष्यातल्या आवडी, सवयी आणि आज शिल्लक असलेल्या क्षमता बघे, आणि त्यांना जुळेल असं काम बसवून देई. घरच्यांनाही ते कसं करून घ्यायचं ते शिकवी. साठ कुटुंबांवर केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. मागे मागे फिरणं आणि तेच तेच विचारणं कमी झालं, आणि सांभाळणाऱ्यांना दिवसातले काही तास मोकळे मिळाले. शेवटचा निष्कर्ष फार मोलाचा आहे. माणसाला कामात गुंतवणं म्हणजे सांभाळणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक काम, असं जे वाटतं, त्याला इथे उत्तर मिळतं.

आपल्याकडे याचा अर्थ अगदी साधा होतो. एसटीत कंडक्टर असलेल्या आजोबांपुढे सुट्ट्या नाण्यांचा डबा ठेवला तर ते एकाची, दोनाची, पाचाची नाणी वेगळी करत बसतात. शिक्षकाच्या हातात वही आणि लाल पेन दिलं तर टिकमार्क सुरू होतात. शेतकऱ्याला शेंगदाण्यातले फुटके-किडके दाणे निवडायला सांगावं. त्याची नजर आजही त्यात तरबेज असते. शिंप्याला कापडाच्या घड्या, दुकानदाराला पुड्या बांधायला कागद आणि दोरा. कारकुनीत आयुष्य गेलेल्या बाईंना पत्रं, बिलं, पावत्या तारखेप्रमाणे लावण्याचं काम मनापासून आवडू शकतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. बाईमाणूस आहे म्हणून भाजी निवडायला बसवलं, असं होता कामा नये. चाळीस-पन्नास वर्षं नाइलाजाने रांधलेल्या एखादीला मेथीची जुडी बघूनच शीण येत असेल. तिला कदाचित कॅरम आवडत असेल, शब्दकोडं, क्रिकेटची मॅच, खिडकीत बसून रस्ता बघणं आवडत असेल. जन्मभर मनासारखं करायला न मिळालेल्या माणसाला निदान आता तरी विचारावं. सांगता येत नसेल तर चेहरा बघावा. कशाने डोळे लुकलुकतात, कशाने हात पुढे येतो, हे आठवडाभर नीट पाहिलं तर बरंच कळतं.

काम ठरलं तरी ते सुरू होत नाही, आणि घरचे नेमके इथेच हरतात. ‘आई, मटार सोलून ठेव गं’ असं म्हणून मुलगी आत जाते. अर्ध्या तासाने बघते तर मटार तसेच, आई तशीच. आळस, हट्ट असं काही नसतं त्यात. निरिच्छता हे या आजाराचं अतिशय सर्रास दिसणारं लक्षण आहे. काम जमतं, पण स्वतःहून सुरुवात करणारी कळ दाबली जात नाही. म्हणून बोलण्यापेक्षा शेजारी बसावं. टेबलावरचं बाकी सगळं उचलून फक्त दोन भांडी ठेवावीत, एक शेंगांचं आणि एक दाण्यांचं. स्वतः एक शेंग फोडून दाखवावी, दुसरी तिच्या हातात द्यावी. सोबत दुसऱ्या कशाविषयी बोलू नये, कारण ऐकणं आणि सोलणं एकाच वेळी जमेलच असं नाही. टीव्ही बंद हवा. पंधरा-वीस मिनिटं झाली की पुरे. बहुतेकांची सकाळ चांगली जाते, तेव्हा असं काम सकाळीच काढावं.

भांड्यांच्या रंगाचाही विचार करावा. या आजारात रंगांमधला सूक्ष्म फरक ओळखणं अवघड होतं. बोस्टनमधल्या एका छोट्या अभ्यासात, आजार बळावलेल्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी गडद लाल ताटवाट्यांत जेवण दिल्यावर त्यांचं खाणं सुमारे २५ टक्क्यांनी आणि पेयं घेणं ८४ टक्क्यांनी वाढलं. अभ्यास नऊच रुग्णांवरचा होता, पण त्यातली सूचना फुकटात अमलात आणता येते. पांढरा दहीभात पांढऱ्या प्लेटमध्ये वाढला तर तो दिसतच नाही. मग ‘आजी जेवत नाहीत’ अशी तक्रार. शेंगा पांढऱ्या कपड्यावर, कापूस गडद कपड्यावर, एवढं लक्षात ठेवलं तरी काम सोपं होतं.

झालेल्या कामाचं काय करायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. आजींनी घातलेल्या रुमालांच्या घड्या वाकड्यातिकड्या असल्या तर असू द्याव्यात. त्यांच्या देखत पुन्हा घालू नयेत. त्यांनी वळलेली वात संध्याकाळी खरोखर निरांजनात जावी, सोललेले मटार खरोखर उसळीत पडावेत आणि जेवताना कुणीतरी तसं बोलून दाखवावं. ती उसळ पाच मिनिटांनी त्या विसरतील, पण त्या पाच मिनिटांत ‘मी या घराच्या उपयोगाची आहे’ ही भावना मिळालेली असते. घटना विसरली तरी तिच्यासोबत आलेला मूड बराच काळ टिकतो, असं अल्झायमरच्या रुग्णांवरच्या प्रयोगांत दिसून आलं आहे. ओरडा खाल्लेला आठवत नाही, मन मात्र दुपारभर खट्टू राहतं.

यामुळेच एका सवयीविषयी कळकळीने लिहावंसं वाटतं. भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक उंबऱ्यातूनच विचारतो, ‘काय मावशी, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?’ मावशी कसनुशा हसतात. मग दुसरा म्हणतो, ‘अहो, आठवा की, नाशिकला लग्नात भेटलो होतो!’ आठवण जाण्याचाच हा आजार, त्यात आठवणीचीच परीक्षा, तीही पाहुण्यांसमोर. त्याऐवजी ‘मावशी, मी सुधाताईंचा मुलगा, तुम्हाला भेटायला आलो’ असं म्हणून शेजारी बसलं, तर मावशींना उत्तर द्यावं लागत नाही, आणि बोलणं सुरू होतं. ‘आज वार कोणता’, ‘सकाळी काय खाल्लं’ हे प्रश्नही सोडून द्यावेत. त्याऐवजी मत विचारावं. ‘या आमटीत गूळ कमी पडला का?’ याचं उत्तर चुकूच शकत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात हे फार सुंदर दिसतं. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री रस्त्यावरच्या हत्तीमागे चालू लागतात आणि हरवतात. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको चन्नम्मा. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शास्त्री कोण, कुठले, किती विद्वान, यातलं काही तिला ठाऊक नाही. त्यांनी पूर्वीसारखं असावं अशी तिची अपेक्षाच नसल्यामुळे ती समोर बसलेल्या माणसाशी वागू शकते. घरच्यांना हे जड जातं, कारण त्यांना आधीचा माणूस माहीत असतो आणि त्याचं जाणं ते रोज सोसत असतात.

संगीताबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे विज्ञान आणि घरोघरचा अनुभव एकत्र येतात. जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं, की जुनी ओळखीची गाणी ज्या मेंदूभागांत साठवलेली असतात, ते भाग अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानाने उशिरा आणि कमी झिजतात. दुसरी गोष्ट म्हणजे माणसाच्या मनात साधारण दहा ते तीस वर्षांच्या वयातल्या आठवणी सगळ्यांत दाट असतात. दोन्ही जोडून बघितलं तर गाणी निवडायचं गणित सुटतं. आज ऐंशीच्या आसपास असलेली व्यक्ती १९४५ च्या सुमारास जन्मली. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला घराघरांत ऐकलं गेलं, तेव्हा ती दहा वर्षांची होती. विविध भारती १९५७ ची, सिलोनवरची ‘बिनाका गीतमाला’ त्याच्याही आधीची. म्हणून मोबाइलवर ‘सुकून देणारं संगीत’ शोधण्यापेक्षा त्या माणसाची पंधरा ते पंचवीस ही वर्षं कोणत्या गावात, कोणत्या रेडिओसमोर, कोणत्या भजनी मंडळात गेली ते विचारावं. कुणासाठी ती नाट्यगीतं असतील, कुणासाठी लावणी, शाहिरी पोवाडा, चर्चमधली गीतं, कव्वाली, जात्यावरच्या ओव्या.

आणि गाणं लावून निघून जाऊ नये. दिवसभर मागे वाजणारा स्पीकर हा त्या मेंदूसाठी नुसता गोंगाट ठरतो. वीस मिनिटं, सोबत बसून, हाताने ताल धरून, टाळ हातात देऊन ऐकलेलं गाणं वेगळंच काम करतं. बोलणं जवळजवळ बंद झालेली माणसं ध्रुवपद म्हणतात, हा अनुभव डिमेन्शियाच्या केंद्रांत काम करणारे नेहमी सांगतात. एक लक्षात असू द्यावं: जुनं गाणं जुनं दुःखही घेऊन येतं. डोळे भरून आले तर थोडं थांबून हात धरावा, आणि चेहरा आक्रसला तर गाणं बदलावं.

शरीर हलतं ठेवायलाही फार काही लागत नाही. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने फेरी. त्यात काहीतरी निमित्त असावं: कोपऱ्यावरून वर्तमानपत्र आणणं, पारिजातकाची फुलं वेचणं, गाईला पोळी देणं. दिवेलागणीला अनेकांची बेचैनी वाढते. अंधारून येण्याआधीच घरातले दिवे लावावेत, लांब सावल्या पडू देऊ नयेत, आणि ही वेळ रिकामी ठेवू नये. शुभंकरोती, आरती, नमाज, गुडघे टेकून केलेली प्रार्थना, ज्या घरात जे असेल ते या वेळेला उत्तम जुळतं. आपल्या पूर्वापार दिनक्रमात संध्याकाळ कधीच मोकळी नव्हती, आणि ते इथे कामी येतं. ‘मला घरी जायचंय’ सुरू झालं तर ‘हेच तुमचं घर’ असा वाद घालून कुणी जिंकलेलं नाही. ‘चला, जाऊ या. त्याआधी तुमच्या घराबद्दल सांगा, अंगणात काय होतं?’ असं म्हणून एक फेरी मारून आणलं, तर बरेचदा भागतं.

चार माणसांत बसण्याचा फायदा वेगळा. ब्रिटनमध्ये एमी स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी गटासाठी एक कार्यक्रम बसवला: आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, अशी १४ सत्रं. बालपण, खाणं, आवाज, पैसे, चालू घडामोडी अशा विषयांवर गप्पा आणि खेळ. पाठांतर नाही, बरोबर-चूक नाही. २०१ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००३ साली आले. विचारशक्ती आणि जगण्याचं समाधान, दोन्हींत सुधारणा दिसली, आणि विचारशक्तीतला फरक त्या वेळच्या औषधांच्या तोडीचा होता. सौम्य ते मध्यम टप्प्यासाठी ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शिकेत आज या पद्धतीची शिफारस आहे. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या संस्थेने ती तमिळ भाषकांसाठी तिथल्या जगण्याला जुळवून घेतली. मराठी ज्येष्ठ नागरिक संघ गावोगाव आहेत, त्यांच्याकडे जागा, वेळ आणि माणसं आहेत. पण आजार जाहीर झाला की नेमका तोच सदस्य यायचा बंद होतो. कधी घरचे लाजतात, कधी मंडळी टाळतात. हे बदलायला पैसा लागणार नाही.

आजार पुढे सरकतो. शेंगा सोलणारे हात एक दिवस नुसतेच शेंगा कुरवाळू लागतात. तेव्हा कामाचं रूप बदलतं, गुंतवणं थांबत नाही. मऊ जुन्या लुगड्याचा तुकडा हातात देणं, तळव्यांना कोमट तेल चोळणं, सोनचाफा नाकाशी धरणं, केस हळू विंचरणं, परिचित आवाजात हरिपाठ म्हणणं. अंथरुणाला खिळलेली व्यक्तीही हात दाबून, मान वळवून दाद देते. मात्र बाहुली द्यायची की नाही यावर घरांत वाद होतात. काही वृद्ध स्त्रिया तिला मांडीवर घेऊन शांत होतात, काहींना तो अपमान वाटतो. बाहुली जवळ ठेवून बघावी, हातात कोंबू नये.

एक गोष्ट डॉक्टरांच्या दारी नेण्याजोगी. कालपर्यंत वाती वळणारी व्यक्ती आज अचानक गळून बसली, गोंधळली, भांबावली, तर ‘आजाराची पुढची पायरी’ म्हणून सोडून देऊ नये. डिमेन्शिया सहसा एका रात्रीत बदलत नाही. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातलं पाणी कमी होणं, नवी गोळी, दातदुखी, पडल्यावर न दिसलेला मुका मार, यांपैकी काहीतरी बहुधा असतं आणि त्यावर इलाज असतो. कानातला मळ आणि जुना झालेला चष्मा यांमुळेही माणूस कामातून मन काढून घेतो.

आणि सांभाळणारी. बहुतेक घरांत ती बायको, सून किंवा मुलगी असते. तिच्यासाठी हा लेख म्हणजे आणखी एक वेळापत्रक होऊ नये. रोज नवा उपक्रम शोधायची गरज नाही. तोच मटार, तेच गाणं, तीच फेरी रोज चालते, उलट त्यातच त्या माणसाला हायसं वाटतं. काही दिवस काहीच जमत नाही, आणि तो दिवस टीव्हीसमोर गेला तरी कुणाचं काही बिघडत नाही. तिला आठवड्यातले काही तास घराबाहेर पडता यायला हवं, आणि त्यासाठी भावांनी, दिरांनी, परगावच्या मुलांनी फोनवरून सल्ले देण्यापेक्षा पाळी लावून यायला हवं. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनसारख्या संस्थांनी डिमेन्शियासाठी दिवसभराची केंद्रं चालवली आहेत. ‘एआरडीएसआय’ ही १९९२ साली कोचीत सुरू झालेली संस्था देशभर शाखांमधून मार्गदर्शन करते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन जवळची सोय शोधायला उपयोगी पडते.

ब्युरोतून सांभाळायला मावशी किंवा मामा ठेवले असतील तर त्यांच्यासाठी एक पान लिहून फ्रिजवर लावावं. दर काही महिन्यांनी माणसं बदलतात, आणि नव्या मावशीला समोरच्या आजी फक्त ‘पेशंट’ म्हणून माहीत असतात. त्या पानावर औषधांच्या वेळा तर असतातच. त्याखाली लिहावं: यांना ‘आजी’ म्हटलेलं आवडत नाही, ‘बाई’ म्हणा, तीस वर्षं शाळेत होत्या. चहा कपात नको, पेल्यात द्या. अंघोळीला डोक्यावर एकदम पाणी घेतलं की घाबरतात, आधी पायांवर घाला. सकाळी दहाला वह्यांचा गठ्ठा आणि लाल पेन द्या. संध्याकाळी सहाला दिवा त्यांनाच लावू द्या, काडी तुम्ही ओढा.